मागणी मान्य झाली, मग पुढे? जनआघाडीच्या कामाचं मूल्यमापन कसं करावं

अधिवेशन आलं की मुंबईत आझाद मैदानावर आणि हिवाळ्यात नागपुरात मोर्चे येतात. त्यातले बरेचसे एकट्या संघटनेचे नसतात. पाच-पंचवीस संस्था, महिला मंडळं, युनियन, ग्रामसभा एकत्र येतात आणि कृती समिती, अभियान किंवा मंच उभा राहतो. यालाच इथे आघाडी म्हणतो. निवेदनं जातात, शिष्टमंडळं भेटतात, वर्षानुवर्षं पाठपुरावा चालतो. मग कधीतरी कुणीतरी विचारतं, एवढं केलं, त्यातून नेमकं काय झालं?

याला सहसा दोन प्रकारची उत्तरं मिळतात. एक म्हणजे कार्यक्रमांची यादी: इतके मोर्चे, इतक्या बैठका, इतक्या सह्या. दुसरं म्हणजे एक शासन निर्णय दाखवणं: हा बघा, आम्ही काढायला लावला. पहिल्या उत्तरात फक्त मेहनत दिसते. दुसऱ्यात कागद दिसतो, पण तो आपल्यामुळे निघाला का आणि त्यानं कुणाचं काय बदललं, हे कळत नाही. आघाडीचं काम तपासताना तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात: धोरणात काय बदललं, लोकांच्या आयुष्यात काय बदललं, आणि या लढाईतून आघाडी स्वतः बळकट झाली की खिळखिळी. तिन्हींची उत्तरं क्वचितच एकसारखी येतात.

उदाहरण म्हणून चंद्रपूरच्या दारूबंदीची लढाई घेतो. मागणी, ठराव, समिती, विजय आणि माघार असं सगळं तिच्यात आहे. जिथे दुसरं उदाहरण जास्त शिकवतं, तिथे ते घेईन.

पायरी १ : मूल्यमापन कुणासाठी, हे आधी लिहून काढा

निधी देणाऱ्या संस्थेला हवं असलेलं मूल्यमापन आणि आघाडीला स्वतःसाठी हवं असलेलं मूल्यमापन एकाच अहवालात बसवायला गेलं की दोन्ही फसतात. निधीदाराला दिलेल्या पैशाचा हिशेब हवा असतो. आघाडीला पुढचा निर्णय घ्यायचा असतो: हाच मार्ग चालू ठेवायचा की बदलायचा, न्यायालयात जायचं का, दुसऱ्या जिल्ह्यात पसरायचं का, की काम संपलं म्हणून आघाडी विसर्जित करायची.

म्हणून पहिल्या बैठकीत एकच वाक्य पूर्ण करून घ्या: ‘या तपासणीनंतर आम्हाला अमुक ठरवायचं आहे.’ हे वाक्य पूर्ण होत नसेल तर तपासणी पुढे ढकला. तपासणारी माणसं दोन्हीकडची हवीत, आघाडीतली दोन-तीन आणि बाहेरचं किमान एक. आतल्यांना संदर्भ माहीत असतात. बाहेरचा माणूस आतल्यांना विचारायला जड जाणारे प्रश्न विचारू शकतो. निमंत्रकानं स्वतः मुलाखती घेऊ नयेत, कारण समोरचा माणूस मोकळं बोलत नाही.

पायरी २ : मागणीचा मूळ कागद शोधा आणि ‘म्हणून’ची साखळी मांडा

आघाडीचं पहिलं निवेदन काढा. सगळ्यात जुनं, आवक शिक्का असलेलं. पुष्कळ आघाड्यांना ते सापडत नाही, आणि मग आज जे मिळालं तेच आपण तेव्हा मागत होतो असं सगळ्यांना मनापासून वाटायला लागतं. मूळ कागद हातात असला की मागण्या कुठे बदलल्या, कोणती मागणी वाटेत गळाली आणि ती गाळायचं कुणी ठरवलं, हे दिसतं.

मग मागणीपासून लोकांच्या घरापर्यंतची साखळी मोठ्या कागदावर लिहा. चंद्रपूरच्या बाबतीत ती साधारण अशी होईल: ग्रामपंचायती ठराव करतील, म्हणून सरकारवर दबाव येईल; म्हणून बंदी लागू होईल; म्हणून दुकानं बंद होतील; म्हणून दारू मिळणं अवघड आणि महाग होईल; म्हणून पिणं कमी होईल; म्हणून घरातली मारहाण आणि पैशांची नासाडी कमी होईल.

यातला प्रत्येक ‘म्हणून’ हा एक अंदाज आहे. मूल्यमापन म्हणजे हे अंदाज एकेक करून तपासणं. परवानाधारक दुकानं बंद झाली की दारू मिळणं अवघड होतं, हा अंदाज जिल्ह्याची सीमा कशी आहे, पोलीस आणि उत्पादन शुल्क विभाग काय करतात, मोहाच्या दारूचं काय, यावर अवलंबून असतो. आघाडीनं त्या दुव्यासाठी काही केलं होतं का, हा प्रश्न साखळी कागदावर मांडल्यावरच सुचतो. नुसतं ‘बंदी यशस्वी झाली का?’ असं विचारलं तर तो कुणाच्या लक्षात येत नाही.

पायरी ३ : कालरेषा, पुराव्यासकट

एक दिवस राखून ठेवा. जमिनीवर लांब कागद अंथरा, मधोमध वर्षांची रेघ ओढा. रेघेच्या वर आघाडीनं केलेल्या गोष्टी, रेघेखाली बाहेर घडलेल्या गोष्टी: निवडणुका, सत्तांतर, न्यायालयाचे निकाल, दुष्काळ, बदली झालेले जिल्हाधिकारी, वर्तमानपत्रातली मालिका. नोंद चिठ्ठीवर लिहून चिकटवायची आणि खाली पुरावा काय तेही लिहायचं. पुरावा नसेल त्या चिठ्ठीचा कोपरा दुमडून ठेवायचा. दिवस संपताना दुमडलेले कोपरे मोजले की कुठे खोदायचं ते कळतं.

चंद्रपूरची रेघ ढोबळमानानं अशी दिसते. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूर विधानभवनापर्यंत महिलांची पदयात्रा. जिल्ह्यातल्या पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींचे ठराव. मग तत्कालीन पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती आणि तिची बंदीच्या बाजूनं शिफारस. त्यानंतर मोठी वाट पाहणी. ऑक्टोबर २०१४ मध्ये राज्यात सत्तांतर. २० जानेवारी २०१५ ला मंत्रिमंडळाचा निर्णय आणि १ एप्रिलपासून बंदी लागू. पुन्हा एका समितीचा अहवाल, आणि २७ मे २०२१ ला बंदी उठवण्याचा निर्णय.

रेघेखालचं सत्तांतर आणि वरचा विजय यांच्यात तीन महिन्यांचं अंतर आहे. ‘सरकार बदललं म्हणून झालं’ असं कुणी म्हणेल, ‘आमच्या पदयात्रेमुळे झालं’ असं दुसरं कुणी म्हणेल. या वादाकडे पाचव्या पायरीत येऊ. कालरेषेवर फक्त क्रम बिनचूक लागला पाहिजे.

पायरी ४ : विजय एकच नसतो, तो सहा टप्प्यांत मोजा

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी ही पायरी आहे. ‘मागणी मान्य’ या दोन शब्दांखाली निदान सहा वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो.

पहिला टप्पा, ऐकून घेतलं जाणं. निवेदनाच्या प्रतीवरचा आवक शिक्का आणि क्रमांक हा सगळ्यात साधा पुरावा. त्यापुढे विधानसभेतला तारांकित प्रश्न, लक्षवेधी, जिल्हा नियोजन समितीत झालेला उल्लेख. आमदारानं विचारलेल्या प्रश्नात आघाडीनं गोळा केलेली माहिती आली असेल तर तो उतारा जपून ठेवा.

दुसरा, शब्द दिला जाणं. मंत्रालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक झाली की तिचं इतिवृत्त निघतं. ते मिळवा. भेटीचा फोटो पुरावा म्हणून धरू नका. इतिवृत्तात ‘कार्यवाही करावी’ असं लिहिलंय की ‘तपासून पाहावे’, कुणावर जबाबदारी टाकलीय, मुदत आहे का, या तीन गोष्टी पाहा.

तिसरा, कागद निघणं: शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना, कायदा. यांचं वजन सारखं नसतं. परिपत्रक दुसऱ्या परिपत्रकानं बदलता येतं. कायदा बदलायला विधिमंडळात जावं लागतं. आघाडीनं यातलं काय मिळवलं हे स्पष्ट लिहा.

चौथा, पैसा आणि माणसं. शासन निर्णयात लेखाशीर्ष (खर्च सरकारच्या कोणत्या खात्यातून होणार तो क्रमांक) आहे का, अर्थसंकल्पात तरतूद किती झाली, त्यातली किती वितरित झाली आणि किती खर्च झाली. मुळात तरतूदच नसलेला निर्णय हा पुष्कळदा दुसऱ्याच टप्प्यावरचा शब्द असतो, फक्त छापील. इथे माहिती अधिकार कामी येतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘योजनेची संपूर्ण माहिती द्या’ असं लिहिलं की मोघम उत्तर येतं. ‘अमुक तालुका, अमुक आर्थिक वर्ष, मंजूर प्रकरणं, प्रलंबित प्रकरणं, प्रलंबित राहण्याचं कारण, संबंधित नोंदवहीच्या प्रती’ असं मागा.

पाचवा टप्पा, माणसाच्या हातात पडणं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. वनहक्क कायदा २००६ चा. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये. आपल्या जंगलातला बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला तो एप्रिल २०११ मध्ये. २००९ साली कुणी तपासणी केली असती तर ‘हक्क मिळाला’ असं लिहून मोकळा झाला असता, आणि बांबू मात्र जंगलातच उभा राहिला असता. मिळालेला हक्क वापरता येण्यासाठी अजून कोणतं कार्यालय, कोणती सही, कोणतं परवाना-पुस्तक लागतं, हे विचारल्याशिवाय पाचवा टप्पा गाठला असं लिहू नका.

या टप्प्याची मोजणी लोकांनी स्वतः कशी करावी, याची चांगली घडण महाराष्ट्रात झालेली आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्यात सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत. गावकरी बसून आरोग्यसेवेचं प्रगतीपत्रक भरत: चांगलं, बरं, वाईट. मग जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते मांडलं जाई. आपल्या विषयासाठी हीच पद्धत घ्या, पण दोन पथ्यं पाळा. प्रश्न दर फेरीला त्याच शब्दांत विचारा, नाहीतर तुलना उरत नाही. आणि प्रगतीपत्रक भरताना संबंधित कर्मचारी तिथे बसलेला नको.

सहावा टप्पा टिकण्याचा. निर्णय झाल्यानंतर किमान एक निवडणूक आणि एक प्रशासकीय फेरबदल पार झाल्यावर तो जागेवर आहे का? चंद्रपूरमध्ये सहा वर्षांनी निर्णय फिरला. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ ची बंदी कायम आहे. हा टप्पा बहुतेक अहवालांत नसतोच, कारण प्रकल्पाची मुदत त्याआधी संपलेली असते.

पायरी ५ : आपला वाटा किती?

कोणताही कायदा एका कारणानं होत नाही. जादूटोणाविरोधी कायद्याचं पाहा. त्याच्या मसुद्यासाठी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि तिच्या सोबतच्या संघटनांनी दीड दशकाहून जास्त काळ झुंज दिली. विधेयक अडत राहिलं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. समाज हादरला म्हणून कायदा झाला, हे खरं आहे. पण त्या आठवड्यात सरकारकडे काढायला वटहुकूम होता, कारण मसुद्याची वर्षानुवर्षं चर्चा झाली होती, आक्षेप घेऊन तो दुरुस्त झाला होता. मसुदा नसता तर त्या संतापातून निषेधाचे ठराव निघाले असते. आघाडीचा वाटा शोधायचा म्हणजे हे असं शोधायचं: तिच्यावाचून काय घडलं नसतं, किंवा वेगळं घडलं असतं.

त्यासाठी कागद शेजारी ठेवून वाचणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. शासन निर्णयाच्या वरच्या भागात ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून यादी असते, त्याखाली प्रस्तावना. त्या यादीत आघाडीचं पत्र आहे का, आघाडीनं मागितलेल्या समितीचा अहवाल आहे का, ते पाहा. मग तुमचं निवेदन आणि शासन निर्णय समोरासमोर ठेवा आणि तरतुदी एकेक करून जुळवा. जशीच्या तशी आलेली तरतूद, पातळ होऊन आलेली, आणि न आलेली अशा तीन खुणा करा. पातळ झालेल्या तरतुदींकडे विशेष लक्ष द्या. ‘ग्रामसभेच्या संमतीनं’ असं मागितलं होतं आणि ‘ग्रामसभेशी विचारविनिमय करून’ असं आलं, तर हक्काचं सल्ल्यात रूपांतर झालेलं असतं.

दुसरा मार्ग माणसांचा. निर्णयाच्या जवळ असलेली आठ-दहा माणसं निवडा: आता दुसरीकडे बदलून गेलेला किंवा निवृत्त झालेला अधिकारी, विरोधी पक्षाचा आमदार, जिल्हा पत्रकार, आणि ज्यांचा तुमच्या मागणीला विरोध होता त्यांतलं कुणीतरी. शक्यतो मुलाखत आघाडीच्या नावानं सुरू करू नका. ‘या जिल्ह्यात गेल्या दहा वर्षांत महिलांच्या प्रश्नांवर कोणते निर्णय महत्त्वाचे झाले? ते कशामुळे झाले?’ असं मोकळं विचारा. माणूस आपणहून आघाडीचं नाव घेतो का, किती उशिरा घेतो, कशासाठी घेतो, हे टिपा. मात्र आपण कुणासाठी काम करतोय हे मुलाखत संपण्याआधी सांगा आणि त्यांचं म्हणणं वापरायला त्यांची परवानगी घ्या. विरोधकाच्या मुलाखतीला मी सगळ्यात जास्त वजन देतो. ‘त्या बायकांनी आम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही’ असं त्याच्या तोंडून आलं तर तो आघाडीच्या दहा अहवालांपेक्षा भक्कम पुरावा.

आता चंद्रपूरच्या त्या तीन महिन्यांकडे या. सत्तांतर झालं हे खरंच आहे. पण नव्या सरकारनं एवढ्या लवकर नेमका हाच निर्णय घ्यावा, यासाठी टेबलावर काय तयार होतं? ग्रामपंचायतींचे ठराव होते, आधीच्या समितीची शिफारस होती, निवडणुकीत उमेदवारांसमोर मांडलेली मागणी होती. सत्तांतरानं दार उघडलं असेल तर दारापर्यंत प्रश्न कुणी नेला, याचा पुरावा कालरेषेच्या वरच्या बाजूला आहे. निष्कर्ष लिहिताना ‘निर्णायक’, ‘महत्त्वाचा’, ‘पूरक’, ‘सांगता येत नाही’ अशा चारच श्रेणी ठेवा आणि प्रत्येकीखाली पुरावा लिहा. टक्के लिहू नका. ‘आमचा वाटा ६० टक्के’ या वाक्याला कसलाही आधार नसतो.

पायरी ६ : आघाडीची आतली तब्येत

यासाठी प्रश्नावल्या पुष्कळ मिळतात. पण मला आधी बैठकांची नोंदवही हवी असते. सुरुवातीपासूनची सगळी पानं उलटा. पहिल्या वर्षी प्रत्येक घटक संघटनेची अध्यक्ष किंवा सचिव स्वतः सही करते. पुढे सहीआधी ‘करिता’ दिसायला लागतं, म्हणजे त्यांच्या वतीनं दुसरंच कुणी सही करतं. मग त्या जागी नवीन कार्यकर्ता येतो, ज्याला निर्णय घ्यायचा अधिकार नाही. मग ती ओळ रिकामी राहते. कोणत्या बैठकीपासून ओळ रिकामी झाली आणि त्याआधीच्या बैठकीत काय ठरलं होतं, हे पाहिलंत तर संघटना बाहेर का पडली याचं उत्तर बहुतेकदा तिथेच मिळतं.

ठराव कुणी मांडला आणि कुणी अनुमोदन दिलं, तेही मोजा. सगळीकडे त्याच दोन-तीन नावांची पुनरावृत्ती असेल तर बाकीचे श्रोते आहेत. बाई, आदिवासी, दलित, भटक्या-विमुक्त कार्यकर्त्यांची हजेरी किती आणि मांडलेले ठराव किती, यांची वेगळी गोळाबेरीज करा. हजेरी भरपूर आणि ठराव शून्य असेल तर मोर्चाला गर्दी त्यांची आणि निर्णय दुसऱ्यांचा, असा अर्थ निघतो. तो अहवालात लिहायचं धैर्य ठेवा.

त्यानंतर तीन गोष्टी विचारा. पैसा कुणाच्या खात्यावर येतो आणि हिशेब बाकीच्यांना दिसतो का? वर्तमानपत्रात नाव कुणाचं येतं? शेवटचं मोठं मतभेदाचं प्रकरण कोणतं होतं आणि ते कसं मिटलं? तिसऱ्या प्रश्नाला ‘आमच्यात मतभेद नाहीत’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबून आणखी विचारा. वीस संघटनांत मतभेद नसणं शक्य नाही; ते बोलले जात नसतील.

आघाडीत नवी माणसं घडली का, हा वेगळा प्रश्न. दहा वर्षांपूर्वी मागे बसणारी कोण आज तहसीलदारांशी एकटी बोलते, कुणी माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः लिहिते, कोण सरपंच झाली, याची यादी करा. ही यादी मला विजयाइतकीच मोलाची वाटते, कारण पुढची लढाई हीच माणसं लढणार असतात.

पायरी ७ : ज्यांच्यासाठी लढलो त्यांच्याकडे जा

वेळ चुकीची निवडली तर सगळं वाया जातं. पूर्व चंद्रपुरात धानाच्या रोवणीच्या (लावणीच्या) दिवसांत दुपारी बैठक बोलावली तर ज्या बाया यायला हव्यात त्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतात, आणि येतात त्या ज्यांच्या घरी मजूर आहे. पुरुषांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या बैठका वेगळ्या घ्या. ‘दारूबंदीचा फायदा झाला का?’ असं विचारलं की समोरची बाई तुमच्या तोंडाकडे बघून तुम्हाला हवं ते उत्तर देते. आठवणीला धरून विचारा. ‘ताई, यंदाच्या पोळ्याला गावात संध्याकाळी काय झालं? दुकान बंद व्हायच्या आधीच्या पोळ्याला काय व्हायचं?’ सणाची आठवण घट्ट असते. भांडणं कुठे झाली, कोण कुठे पडलं होतं, आपण घरी थांबलो की शेजारी गेलो, हे ती सांगू शकते. बदल झाला नसेल तर तोही या उत्तरात दिसतो.

घरातल्या मारहाणीबद्दल गटात विचारू नका. एकटीशी बोला, आणि तालुक्यात मदतीचं ठिकाण कोणतं याची माहिती जवळ असल्याशिवाय तो विषय काढू नका.

आकडे वापरताना दोन सापळे हमखास लागतात. पहिला पोलिसांच्या आकड्यांचा. बंदीनंतर अवैध दारूचे गुन्हे वाढले, हे चंद्रपूरची बंदी उठवताना सरकारनं दिलेल्या कारणांपैकी एक होतं. पण बंदी आली की आदल्या दिवशी कायदेशीर असलेली विक्री गुन्हा ठरते, त्यामुळे गुन्ह्यांची संख्या वाढणारच. शिवाय पोलिसांनी जास्त छापे घातले तरी आकडा वाढतो. तो एकटा ना यश सांगतो, ना अपयश. त्याच्या जोडीला दोषसिद्धी किती, वारंवार पकडलेले किती, दारूचा भाव काय झाला, गावातून ती आणायला किती लांब जावं लागतं, हे लागतं.

दुसरा सापळा सर्वेक्षणांचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी २०१५-१६ ची, पाचवी २०१९-२१ ची. दारू पिणाऱ्यांचं प्रमाण चौथ्या फेरीच्या तथ्यपत्रकात १५ ते ४९ वयोगटाचं आहे, पाचव्या फेरीत १५ वर्षं आणि त्यावरील सगळ्यांचं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘घटलं’ किंवा ‘वाढलं’ म्हणणं चूक ठरेल. आणि जिथे पिणं बेकायदेशीर आहे तिथे लोक सर्वेक्षकाला कमीच सांगतात, हेही धरून चला.

पायरी ८ : हरलेल्या लढाया नीट वाचा

राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातलं दारूचं दुकान मतदानानं बंद करता येतं. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी होते, मग उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान. दुकान बंद व्हायला एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. झालेल्या मतांच्या निम्म्यानं भागत नाही. समजा गावात १,००० महिला मतदार आहेत. ४८० आल्या आणि ४७० जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं. कागदावर हार. पण रांगेत दुकानदाराची माणसं उभी असताना ४७० बायकांनी घराबाहेर येऊन मत दिलं, ही संघटनशक्ती आहे, आणि तिची नोंद ‘अयशस्वी’ या एका शब्दात करणं अन्याय आहे. न आलेल्या ५२० जणींचा शोध घ्या: किती जणी कामासाठी बाहेरगावी होत्या, किती लग्न होऊन गेल्या पण नाव यादीत राहिलं, किती जणींना घरातून येऊ दिलं नाही. पुढच्या वेळी आधी मतदारयादी दुरुस्त करायची की घरोघर जायचं, ते या उत्तरावर ठरतं.

चंद्रपूरच्या २०२१ च्या माघारीलाही असंच वाचायला हवं. प्रश्न असे: बंदी मिळाल्यावर आघाडीच्या बैठका किती नियमित राहिल्या? बंदीच्या परिणामांची नोंद आघाडीनं स्वतः ठेवली होती का, की समितीसमोर पोलिसांचे आणि महसुलाचेच आकडे होते? ठराव करणाऱ्या पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींपैकी कितींनी बंदी उठताना पुन्हा ठराव केला? गडचिरोलीत २०१६ पासून राज्य सरकार, डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे अभियान चालवलं. त्यात गावसंघटना, व्यसनाचा उपचार आणि अंमलबजावणी यांची सांगड घातली. दोन जिल्ह्यांची तुलना करायची तर कायद्यांची करून भागणार नाही. बंदीनंतर गावागावात कोण उभं राहिलं, त्यांची तुलना करावी लागेल. मागणी मिळवायला लागते ती ताकद आणि मिळालेलं राखायला लागते ती ताकद वेगवेगळी असते. आघाडीकडे यातली कोणती होती, हे मूल्यमापनानं स्पष्ट सांगितलं पाहिजे.

पायरी ९ : निष्कर्ष आधी आघाडीला, मग बाहेर

अहवालाचा मसुदा घटक संघटनांसमोर वाचून दाखवा. वाचून दाखवा, मेल करून मोकळे होऊ नका, कारण पन्नास पानांची फाइल उघडणारे पाच-सहाच निघतात. ज्यांच्यावर टीका आहे त्यांना आधी भेटून सांगा आणि त्यांचं उत्तर अहवालात छापा. माहिती देणाऱ्या गावकऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची नावं, आणि नाव ओळखू येईल असा तपशील, बाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढा. अवैध धंद्याविरुद्ध बोललेल्या बाईला त्याच गावात राहायचं असतं.

निधीदाराला वेगळा, छोटा अहवाल द्या आणि ‘आघाडीच्या आतल्या तपासणीचे तपशील आघाडीकडे आहेत’ असं त्यात सरळ लिहा.

शेवटचं पान निर्णयांचं. पहिल्या पायरीत पूर्ण केलेलं वाक्य पानाच्या माथ्यावर पुन्हा लिहा आणि त्याखाली तक्ता काढा: काय करायचं, काय थांबवायचं, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत. साखळीतला सगळ्यात कच्चा ‘म्हणून’ पहिल्या ओळीत घ्या. सहा महिन्यांनंतरच्या बैठकीची तारीख त्याच दिवशी ठरवा, त्या बैठकीत हाच तक्ता समोर ठेवायचं ठरावात नोंदवा, आणि नोंदवहीवर सगळ्यांच्या सह्या घ्या, ‘करिता’ न लिहिता.